रात्रपाळीत आधी कोणत्या कॉटकडे जायचं?

प्रश्न असा आहे. सोलापुरात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) पूर्ण करून मेडिसिन वॉर्डात नुकत्याच लागलेल्या एक सिस्टर विचारतात: रात्री पस्तीस-चाळीस पेशंट आणि आम्ही दोघीच, मी आणि मावशी. सलाईन, इंजेक्शनं, औषधं यांतच रात्र संपते. लक्षणं सगळी पाठ आहेत, पण इतक्या जणांत नेमकं कोण बिघडतंय हे ओळखायचं कसं? आणि डॉक्टरांना कधी उठवायचं? उगाच उठवलं तर बोलणी बसतात, नाही उठवलं तर जीवाला घोर लागतो.

आधी मुद्द्याचं सांगते. आकडा पाहू नका, आकड्यात झालेला बदल पाहा. बीपी १००/६० हे एखाद्या बारीक अंगाच्या तरुण मुलीचं रोजचं बीपी असतं. ज्या आजोबांचं बीपी कायम १६०-१७० असतं, त्यांना तेच १००/६० झालं तर आत काहीतरी मोठं घडलेलं असतं. म्हणून 'नॉर्मल किती' यापेक्षा 'या माणसाचं संध्याकाळी किती होतं' हे माहीत असणं रात्री जास्त उपयोगी पडतं.

हे कळायला ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती, टेबलावर बसून घेऊ नका, कॉटकॉटवर उभं राहून घ्या. एका कॉटला अर्धा मिनिट पुरतं. नाव घेऊन हाक मारा आणि पेशंट पूर्ण वाक्य बोलतो की दोन-दोन शब्दांनी तोडून बोलतो ते ऐका. मनगटाला हात लावा: गरम आहे, कोरडं आहे, की गार आणि ओलसर? बाटलीत किती उरलंय आणि ती किती वाजता लावली होती? युरोबॅगेत लघवी किती आणि कोणत्या रंगाची? मग जाणाऱ्या सिस्टरना एवढंच विचारा: "दुपारपासून कुणात फरक वाटला?" एवढ्यावरून पाच-सहा नावं कागदावर काढा. आज ॲडमिट झालेला, आज आयसीयूतून बाहेर आलेला, रक्त चालू असलेला, इन्सुलिन घेऊन न जेवलेला, ऑक्सिजन वाढवावा लागलेला, आणि ज्याचे नातेवाईक सांगतात की "हे असे नव्हते" असा. चाळीस जणांवर सारखंच लक्ष ठेवणं कुणालाच जमत नाही. या सहांवर मात्र ठेवता येतं.

नातेवाइकांचं म्हणणं कधी उडवून लावू नका. "आजी सकाळपासून कसंतरी करायल्यात", "अण्णा ओळख देईनात" हे वाक्य मॉनिटरच्या आधी बोलतं. सोलापुरात अडचण भाषेची असते. पूर्व भागातल्या म्हाताऱ्या माणसांना दुखणं तेलुगूतच सांगता येतं, अक्कलकोटकडच्या बायका घाबरल्या की कन्नडवर येतात. 'नोप्पी' म्हणजे तेलुगूत दुखणं, 'नोवु' म्हणजे कन्नडमध्ये. कुठे दुखतं, दम लागतो का, लघवी झाली का, जेवलात का, एवढे चार प्रश्न दोन्ही भाषांत वॉर्डातल्याच कुणाकडून शिकून घ्या. आठवडाभरात येतात आणि पुढे नोकरीभर कामाला येतात.

श्वास मोजणं

सगळ्यात आधी बिघडतो तो श्वासाचा वेग, आणि टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर सगळ्यात जास्त अंदाजानं लिहिला जातो तोही तोच. सगळ्यांपुढे १८, १८, २०, १८ लिहिलेलं असेल तर तो श्वास कुणी मोजलेला नाही. बीपी आणि सॅच्युरेशन शरीर बराच वेळ सावरून धरतं. ते सावरण्यासाठीच श्वास वाढवावा लागतो. संसर्ग रक्तात उतरला, आम्ल वाढलं, फुप्फुसात पाणी झालं, पोटात रक्तस्राव झाला, कारण कुठलंही असो, श्वास आधी वाढतो.

मोजायची पद्धत साधी आहे. पेशंटला सांगायचं नाही, नाहीतर तो श्वास सांभाळून घेतो. नाडी पाहतोय असं दाखवत मनगट धरा आणि तोच हात त्याच्या छातीच्या खालच्या भागावर आडवा ठेवा. चादर जाड असेल तर ती पोटापर्यंत खाली करा. घड्याळाचा काटा पूर्ण एक मिनिट फिरू द्या. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं की एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. मोजताना मान पाहा. गळ्याच्या खाचेत कातडी आत ओढली जाते का, नाकपुड्या फुलतात का, खांदे वर जातात का? मोठ्या माणसाला १२ ते २० ठीक. २१ ते २४ झाला तर अर्ध्या-एक तासानं परत मोजा आणि कारण शोधा. २५ किंवा वर, नाहीतर ८ किंवा खाली, तर डॉक्टरांना लगेच कळवा. आणि जो मघाशी ३४ नं श्वास घेत होता तो औषध न देताच १४ वर आला आणि पेंगायला लागला, तर तो बरा झालेला नसतो, दमलेला असतो. तिथे धावायचं असतं.

सॅच्युरेशनचा आकडा उशिरा पडतो. ऑक्सिजन लावलेला असेल तर आणखी उशिरा, कारण आपण आतली घसरण झाकून ठेवतो. म्हणून चार्टवर नुसतं '९५' लिहू नका, '९५, ४ लिटरवर' लिहा. संध्याकाळी २ लिटरवर ९५ होता आणि आता ६ लिटरवर ९५ आहे, हा पेशंट बिघडलेला आहे. हात गार असेल, नेलपॉलिश असेल, गडद मेंदी असेल तर दुसऱ्या बोटाला किंवा कानाच्या पाळीला प्रोब लावून पाहा. प्रोबवरची नाडी आणि हातानं मोजलेली नाडी जुळत नसेल तर त्या सॅच्युरेशनवर विसंबू नका.

नाकातल्या नळीनं साधारण १ ते ४ लिटर. साधा मास्क ५ लिटरच्या खाली कधीच नाही, नाहीतर पेशंट स्वतःनंच सोडलेला कार्बन डायऑक्साइड परत आत घेतो. पिशवीवाला मास्क १० ते १५ लिटर, आणि तो तोंडावर लावण्याआधी पिशवी पूर्ण फुगवून घ्यायची. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बायका, जुने बिडी ओढणारे, दम्याची जुनी फुप्फुसं असलेले यांना ९९ पर्यंत नेण्याच्या नादी लागू नका. सीओपीडीच्या, म्हणजे अशा जुनाट फुप्फुसरोगाच्या, पेशंटला ८८ ते ९२ पुरतं. जास्त ऑक्सिजननं त्यांच्यात कार्बन डायऑक्साइड साठतो, पेशंट गुंगतो आणि घरच्यांना वाटतं की आता शांत झोप लागली. पण ८० सॅच्युरेशनला काळानिळा पडलेला माणूस समोर असेल तर सीओपीडीच्या भीतीनं ऑक्सिजन अडवूनही ठेवू नका. आधी वर आणा, मग कमी करत जा.

उठतोय, ओरडतोय, नळ्या काढतोय

रात्री दोन वाजता एखादा पेशंट उठून बसतो, शिरेतली सुई (व्हेनफ्लॉन) उपटतो, शिव्या देतो. हाताला बँडेजनं बांधायचं आणि झोपेचं इंजेक्शन विचारायचं, ही सवय लागू देऊ नका. बेचैन पेशंटला ऑक्सिजन कमी पडतोय असं धरूनच सुरुवात करायची. क्रम असा: श्वास आणि सॅच्युरेशन, मग शुगर, मग बीपी आणि हातापायांचा गारवा, मग ओटीपोटावर हात. ओटीपोट टरारून फुगलेलं असेल तर लघवी तुंबलेली असते. कॅथेटर असलेल्या पेशंटचीही तुंबते, कारण नळी कॉटच्या पट्टीत दुमडलेली असते किंवा गुठळीनं बंद झालेली असते. नळी सरळ केली की बॅगेत भरभर लघवी उतरते आणि माणूस झोपी जातो. ऑपरेशननंतरचा पेशंट असेल तर ड्रेन, ड्रेसिंग आणि पाठीखालची चादर पाहा. रोज पिणारा असेल आणि शेवटच्या घोटाला दोन-तीन दिवस झाले असतील तर हात थरथरणं, घाम, नसलेलं दिसणं हे दारू सुटल्याचं असतं. ते डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा, कारण त्याची औषधं वेगळी असतात आणि थायमिनही लागतं. यातलं काहीही न पाहता झोपेचं इंजेक्शन दिलं तर ऑक्सिजन कमी असलेल्या माणसाचा उरलासुरला श्वासही आपणच थांबवतो.

शुगर

रात्रीच्या वॉर्डात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी तपासणी ग्लुकोमीटरची. शुद्ध हरपलेला, बरळणारा, झटका आलेला, एक बाजू लुळी पडलेला, 'दारू पिऊन पडलाय' म्हणून आणलेला, या प्रत्येकाची शुगर पहिल्या पाच मिनिटांत. दारूचा वास येतोय म्हणजे शुगर ठीक आहे असं होत नाही. उलट उपाशीपोटी पिणाऱ्याचीच शुगर जास्त घसरते.

७० च्या खाली म्हणजे कमी. पेशंट शुद्धीवर आहे आणि गिळतोय तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे सपाट तीन-चार चमचे, अर्धा पेला पाण्यात विरघळवून द्या. चहा-बिस्किटावर भागवू नका, दुधातुपाचं पोटातून उतरायला वेळ लागतो. १५ मिनिटांनी परत तपासा, ७० च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच साखर. वर आली की मगच पोळी, भाकरी, भात. शुद्ध नसेल तर तोंडात साखर, मध, पाणी काहीही नाही, ते फुप्फुसात जातं. कुशीवर वळवा, शीर चालू आहे याची खात्री करा आणि २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली द्या. त्यात २५ ग्रॅम साखर असते. शीर फुटलेली असेल आणि औषध बाहेर गेलं तर हात भाजल्यासारखा होतो, म्हणून आधी सलाईननं फ्लश करून पाहा.

पुढची चूक जास्त घडते. शुगर १४० झाली, पेशंट बोलायला लागला, आता काम संपलं असं वाटतं. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांनी शुगर घसरलेली असेल तर ती दोन-तीन तासांनी पुन्हा घसरते, किडनी कमजोर असेल तर दिवस उलटून गेला तरी. म्हणून अशा पेशंटची शुगर पहिले काही तास तासाला, मग अंतर वाढवत किमान २४ तास. बीपीसाठी मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉलसारखी गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड जाणवत नाही. घाम मात्र येतो. डायबेटिसच्या पेशंटचं कपाळ आणि शर्टाची कॉलर ओली दिसली की मशीन काढा.

उपवासाचे दिवस लक्षात ठेवा. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडचे पेशंट आणि रमजानमध्ये रोजा धरणारे पेशंट इन्सुलिन नेहमीचं घेतात आणि जेवण चुकतं. "आज उपवास धरलाय का?" हे इन्सुलिन भरण्याआधी विचारायचं, टोचून झाल्यावर नव्हे. आणि जेवणाचं ताट कॉटवर आल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन देऊ नका.

आता सिरिंज. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात: एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी गाठ पडली की डोस अडीच पट जातो. २० युनिट टोचलेत असं वाटतं आणि प्रत्यक्षात ५० गेलेले असतात. नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलमधून आणलेली बाटली असेल तेव्हा हा घोळ होतो. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी-शेजारी धरून मोठ्यानं वाचा: "चाळीस-चाळीस" किंवा "शंभर-शंभर". जुळले नाहीत तर भरूच नका. पेनच्या काडतुसातून सिरिंजनं औषध ओढणं हाही याच चुकीचा भाऊ.

शुगर खोटी जास्त येण्याची दोन कारणं नेहमीची: बोटाला शिरा, पेढा, फळाचा रस लागलेला असतो, किंवा ज्या हाताला डेक्स्ट्रोज चालू आहे त्याच हाताचं रक्त घेतलेलं असतं. बोट पाण्यानं धुऊन कोरडं करा आणि दुसऱ्या हाताचं घ्या.

बाटली, पोटॅशियम, रक्त

नेहमीच्या सलाईन सेटला २० थेंबांचा एक मिली होतो. सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं, पाहून घ्या. मग तासाला जितके मिली द्यायचे त्याला तीननं भागा, मिनिटाचे थेंब मिळतात. तासाला १०० मिली म्हणजे ३३ थेंब, ६० मिली म्हणजे २०. मायक्रोड्रिप सेटला ६० थेंबांचा मिली, तिथे तासाचे मिली तेच मिनिटाचे थेंब. बाटलीवर चिकटपट्टी उभी लावून दर तासाची खूण करा. थेंब हळू पडतात म्हणून नातेवाईक रोलर सोडून देतात, हे हमखास होतं. हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला अर्धी बाटली अर्ध्या तासात गेली की तो खोकत उठून बसतो, झोपता येत नाही, छातीत खरखर होते. अशा वेळी आधी रोलर बंद, पाय खाली सोडून बसवा, ऑक्सिजन, मग फोन.

पोटॅशियम क्लोराइडचं १० मिलीचं अँप्युल १५ टक्क्यांचं असतं आणि त्यात २० मिलिइक्विव्हॅलंट असतात. ते थेट शिरेत ढकललं तर हृदय जागच्या जागी थांबतं, आणि मग ते परत आणणं फार कठीण. नेहमी बाटलीत, साध्या वॉर्डात एक लिटरमध्ये ४० पेक्षा जास्त नाही, तासाला १० पेक्षा जास्त नाही. टाकल्यावर बाटली सात-आठ वेळा उलटीपालटी करा, नाहीतर जड पोटॅशियम तळाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांत तेवढंच जातं. चालू बाटलीत वरून टाकू नका. लघवी होत नसलेल्या पेशंटला डॉक्टरांना पुन्हा विचारल्याशिवाय देऊ नका. ही अँप्युल इतर औषधांच्या ट्रेमध्ये ठेवूच नका, वेगळा डबा, वेगळं लेबल.

रक्त लावताना कॉटजवळ दोघांनी तपासायचं, टेबलाजवळ नाही. पेशंटला "तुम्ही अमुक ना?" असं विचारू नका, अर्धवट झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणा. एकाच आडनावाचे दोन पेशंट वॉर्डात असतील तर केसपेपरवर लाल शाईनं खूण करा. रक्तपेढीतून आल्यावर अर्ध्या तासात सुरू, चार तासांत संपलेलं. त्याच सेटमधून फक्त नॉर्मल सलाईन. आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाईनमधल्या कॅल्शियमनं गुठळ्या होतात आणि डेक्स्ट्रोजनं रक्तपेशी फुटतात. पहिली १५ मिनिटं अगदी हळू आणि तुम्ही तिथेच. कंबर दुखतेय, शीर जळतेय, छाती आवळतेय, "मला कसंतरी होतंय" यांपैकी काहीही ऐकलं की आधी क्लॅम्प बंद. विचारायला जाऊ नका, बंद करून विचारा. पूर्ण सेट बदला, नव्या सेटनं सलाईन चालू ठेवा, नाव आणि बॅग नंबर परत जुळवा, बॅग फेकू नका, पुढची लघवी साठवून रंग पाहा. ताप आलाय म्हणून पॅरासिटामॉल देऊन रक्त तसंच चालू ठेवणं ही चूक जीवघेणी ठरू शकते, कारण चुकीच्या गटाच्या रक्ताची सुरुवातही तापथंडीनंच होते.

बाळंतीण

मेडिसिनमध्ये असलात तरी रात्री कधीतरी प्रसूती वॉर्डात पाठवतातच, म्हणून थोडं. पॅड कोरडा आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. रक्त ओघळून कंबरेखाली साठतं. हात पाठीखाली घाला आणि चादर पाहा. मग बेंबीजवळ गर्भाशय चाचपा: नारळासारखं कडक लागलं तर ठीक, भिजलेल्या कणकेसारखं लागलं तर ते आकसलेलं नाही. तळहातानं गोल चोळत राहा, दुसरीला डॉक्टरांना बोलवायला लावा, मूत्राशय रिकामं करा. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला वर ढकलतं आणि आकसू देत नाही. बीपी उशिरा पडतं, नाडी आधी चढते. नाडी ११० आणि वरचं बीपी १०० अशी वेळ आली की रक्त बरंच गेलंय असं समजा. रक्तस्राव थांबवायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड एक ग्रॅम, दहा मिनिटांत, आणि प्रसूतीपासून तीन तासांच्या आत. गर्भाशय आकसवणाऱ्या औषधांत बीपी जास्त असलेल्या बाईला मेथर्जिन नाही, दमा असलेलीला कार्बोप्रोस्ट नाही. ऑर्डर देणाऱ्याला घाईत हे सुटतं, तुम्ही आठवण करून द्या.

झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट चालू असेल तर प्रत्येक पुढच्या डोसआधी तीन गोष्टी: गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो का (गुडघ्याचा झटका), श्वास १६ किंवा जास्त आहे का, गेल्या चार तासांत लघवी १०० मिली तरी झाली का. तिन्ही हो असतील तरच डोस. मॅग्नेशियम जास्त झालं की आधी गुडघ्याचा झटका जातो, त्यानंतर श्वास. त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, भरायला तयार असं त्याच ट्रेमध्ये ठेवा.

छातीत दुखणं आणि लकवा यांबद्दल थोडक्यात. छातीत दुखतंय तर दहा मिनिटांत ईसीजी. डायबेटिसच्या माणसाला आणि बायकांना छातीत दुखेलच असं नाही, नुसता घाम, दम किंवा पोटाच्या वरच्या भागात जळजळ होते, आणि 'ॲसिडिटी' म्हणून पॅन्टोप्राझोल देऊन झोपवलं जातं. घाम आणि जळजळ एकत्र आली की ईसीजी काढा. सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवण्याआधी बीपी पाहा, वरचं ९० च्या खाली असेल तर नाही. लकव्यात पहिला प्रश्न 'कधी लुळं पडलं' हा नाही, 'शेवटचं धड कधी पाहिलं' हा. गुठळी विरघळवणारं औषध त्या वेळेपासून साडेचार तासांपर्यंतच देता येतं. गिळणं तपासेपर्यंत तोंडानं काहीही नाही, गोळीही नाही.

सोलापूरचा उन्हाळा आणि मण्यार

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये माग चालवणारे, उसाच्या फडात राबणारे पेशंट येतात. ताप आणि बरळणं एकत्र दिसलं तर उष्माघात समजून थंड करायला लागा, मलेरियाचा रिपोर्ट येऊ द्या मागून. काखेतला थर्मामीटर आतलं तापमान कमी दाखवतो, त्यामुळे काखेत ३९.५ आणि पेशंट असंबद्ध बोलतोय, हे पुरेसं आहे. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असंही नव्हे, कष्ट करताना आलेल्या उष्माघातात घाम असतो. कपडे काढा, अंगावर साधं पाणी मारा आणि पंखा थेट लावा. मान, काखा, जांघांत बर्फाच्या पिशव्या. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, कारण हा ताप मेंदूनं चढवलेला नसतो. तापमान ३९ च्या खाली आलं की पाणी थांबवा, नाहीतर पेशंट थंडीनं कापायला लागतो आणि कापण्यानं परत तापतो. शुगर पाहायला इथेही विसरू नका.

दुसरा पेशंट पहाटे येतो. रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटात दुखतंय, घसा आवळतोय, डोळे उघडवत नाहीत. चावल्याची खूण नाही, सूज नाही. मण्यार अशीच चावते. पापण्या जड आहेत का पाहा, उशीवरून मान उचलायला सांगा, एका दमात मोठ्यानं आकडे मोजायला लावा. मघाशी तीसपर्यंत गेला होता आणि आता बारावर थांबला, म्हणजे श्वासाचे स्नायू दुबळे होत आहेत. हातानं श्वास देण्याचा बॅग-मास्क कॉटवर आणून ठेवा. लाळ गिळता येत नसेल तर कुशीवर घ्या आणि सक्शन करा. पूर्ण लुळा पडलेला, बाहुल्या फाकलेला पेशंटही आतून सगळं ऐकत असू शकतो, त्याच्यासमोर 'गेला' म्हणू नका.

घोणस किंवा फुरसं असेल तर रक्त गोठतं का ते पाहायचं: स्वच्छ, कोरड्या, काचेच्या नव्या नळीत दोन मिली ताजं रक्त, २० मिनिटं न हलवता, मग एकदाच तिरपी करून पाहा. प्लास्टिकच्या किंवा साबणानं धुतलेल्या नळीत चांगलं रक्तही गोठत नाही आणि निकाल चुकतो. एएसव्हीची, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाची, पावडर विरघळवताना बाटली गोल फिरवा, खळखळून हलवू नका, फेस होतो. ॲड्रेनालाइन ०.५ मिलीग्रॅम सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून शेजारी असल्याशिवाय एएसव्ही सुरू करू नका. अंगावर गांधी उठल्या, दम लागला, बीपी पडलं तर एएसव्ही थांबवा आणि मांडीच्या स्नायूत ते द्या.

डॉक्टरांना उठवताना

"सर, कॉट चौदाचा पेशंट बरा वाटत नाही" एवढंच सांगितलं तर "बघतो सकाळी" हेच उत्तर येणार. फोन करण्याआधी केसपेपर हातात, आकडे ताजे. मग असं बोला:

"सर, मेडिसिन वॉर्डातून सिस्टर बोलते. कॉट १४, पासष्ट वर्षांचे आजोबा, न्यूमोनिया, दुसरा दिवस. संध्याकाळी श्वास २० होता, आता ३० आहे. सॅच्युरेशन २ लिटरवर ८७ होतं. बीपी ९४/६०, नाडी ११८, हात गार, मुलाला ओळखत नाहीत. शुगर १४२. बसतं केलंय, मास्क ६ लिटरवर लावलाय, आता ९३ आहे. संध्याकाळपासून लघवी ६० मिलीच. तुम्ही आत्ता येऊन पाहायला हवं. येईपर्यंत फ्लुइड सुरू करू का?"

अर्ध्या मिनिटात होतं. यात काय बदललं, तुम्ही काय केलं आणि तुम्हाला काय हवंय हे तिन्ही आलं. फोनवरची ऑर्डर तिथेच लिहा आणि परत वाचून दाखवा, आकडा सुटा करून: "पंधरा, एक-पाच". पंधरा मिनिटांत कुणी आलं नाही तर पुन्हा फोन, मग त्यांच्या वरच्यांना. हे आगाऊपणा नाही, तुमच्या कामाचाच भाग आहे. रागावतील म्हणून थांबू नका. ज्या पेशंटबद्दल आकडे ठीक असूनही तुमचं मन ऐकत नाही, त्याच्याबद्दलही कळवा आणि स्पष्ट म्हणा की "आकडे ठीक आहेत, पण मघासारखे दिसत नाहीत".

ऑक्सिजन लावणं, बसतं करणं, कुशीवर घेणं, शुगर पाहणं, रक्त किंवा सलाईन बंद करणं, यांसाठी कुणाची वाट पाहायची नाही. ते करूनच फोन करा.

नर्सिंग नोट्समध्ये 'पेशंट ठीक, डॉक्टरांना कळवले' असं लिहू नका. किती वाजता काय दिसलं, किती वाजता कुणाला सांगितलं, ते काय म्हणाले, त्यानंतर किती वाजता पुन्हा मोजलं, हे सगळं वेळेसकट. पुन्हा मोजणं सुटलं तर औषधाचा उपयोग झाला की नाही हेच कळत नाही. फ्लुइड दिल्यावर १५ मिनिटांनी, ऑक्सिजन बदलल्यावर पाच-दहा मिनिटांनी, वेदनाशामक शिरेतून दिल्यावर १५ मिनिटांनी आणि त्या वेळी श्वास मोजूनच.

आणि सकाळी ओव्हर देताना त्या कागदावरची सहा नावं आधी द्या, कॉटच्या क्रमानं नाही. "चौदा नंबर, अकराला श्वास २०, दोनला ३०, पाचला २४, मास्क ६ लिटरवर, पहाटे लघवी १५० झाली." दिवसपाळीच्या सिस्टरना त्यांची पहिली कॉट तिथेच मिळते.